‘एक’ या विशेषणाचे विशेष्य : आज्ञावलीचा परवाना आणि घरातील दुसरा संगणक

घर लातूरला आणि विद्यापीठ नांदेडला, अशी विभागणी या भागातील अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. प्रबंधाचे लेखन मग दोन संगणकांवर चालते. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये लिहिलेले प्रकरण, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. अशा वेळी फॉन्टसह सारी आज्ञावली दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतली जाते. ‘ती आम्ही विकत घेतली आहे’ हे त्याचे समर्थन. हे समर्थन कितपत टिकते, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

पुस्तक विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो, मजकुराच्या प्रताधिकाराचा नव्हे. मात्र पुस्तक वाचण्यासाठी त्याची नक्कल करावी लागत नाही. आज्ञावली संगणकावर उतरविणे म्हणजेच तिची नक्कल करणे होय. म्हणून येथे परवाना आवश्यक ठरतो. इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हाच भेद स्पष्ट केला : अंतिम ग्राहकाला वापराची मर्यादित अनुमती मिळते, प्रताधिकार मिळत नाही.

परवाना वाचताना ‘एक’ हे विशेषण कोणत्या नामाला लागले आहे, हे प्रथम पाहावे. नाम ‘संगणक’ असेल तर दुसऱ्या संगणकाला दुसरा परवाना लागतो. नव्या संगणकाबरोबर आलेली विंडोज त्याच संगणकाशी बांधलेली असते. नाम ‘व्यक्ती’ असेल तर त्या व्यक्तीचे अनेक संगणक चालतात, पण भावाचा चालत नाही. नाम ‘वेळ’ही असू शकते. १९८० च्या दशकात बोर्लंड कंपनीने आपली आज्ञावली पुस्तकाप्रमाणे वापरण्यास मुभा दिली होती : ती कोणत्याही संगणकावर न्यावी, मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी वापरली जाऊ नये.

१९५७ च्या प्रताधिकार अधिनियमातील कलम ५२ काही सवलती देते. कायदेशीर प्रतधारकास संरक्षणार्थ राखीव प्रत करता येते. तसेच स्वतः कायदेशीरपणे मिळविलेल्या प्रतीवरून अव्यापारी, वैयक्तिक उपयोगासाठी नक्कल करता येते. येथेही शब्द ‘वैयक्तिक’ आहे, ‘कौटुंबिक’ नव्हे. स्नेह्यांना प्रती वाटण्याची मुभा त्यातून निघत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कलम ६३-ब अन्वये गुन्हा आहे. त्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. वापर व्यापारासाठी नसल्यास न्यायालय कारावास माफ करू शकते, पण गुन्हा पुसला जात नाही.

यातून सुटण्याचा सरळ मार्ग उपलब्ध आहे. लिबरऑफिस कितीही संगणकांवर उतरविता येते. ‘मुक्त’ आणि मुंबईच्या आयआयटीचा ‘शोभिका’ हे युनिकोड फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. युनिकोडमधील मजकूर फॉन्ट बदलला तरी वाचता येतो. म्हणून प्रबंधाचे पहिले पान लिहिण्यापूर्वीच ही निवड करावी. जुनी प्रकरणे मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे नीट तपासून घ्यावीत. मग नांदेडचे लेखन लातूरला निर्धास्तपणे पुढे चालविता येईल.