कोळसा कोणता घ्यावा आणि कोठे पेटवावा?

थंडी पडू लागली की शिरूर-दौंडच्या जिराईत पट्ट्यात हुरड्याच्या आगट्या पेटतात. नगर रस्त्यावरच्या आणि सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांच्या भट्ट्यांना जोर येतो. घरोघरी भरताची वांगी आणि कणसे शेगडीवर भाजली जातात. या दिवसांत "डॉक्टर, कोणता कोळसा चांगला?" असे मला बरेच जण विचारतात. प्रश्न स्वयंपाकाचा वाटला तरी त्याचे उत्तर आरोग्याशी निगडित आहे. बाजारात मिळणाऱ्या कोळशांची आधी तुलना करू.

पहिला लाकडी कोळसा. आपल्याकडे तो बहुधा बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा असतो. चांगला जळलेला कोळसा वजनाला हलका असतो, आपटल्यावर खणखणीत वाजतो आणि तोडल्यावर आतूनही काळाच दिसतो. आत तपकिरी लाकूड दिसले तर तो कच्चा समजावा. असा कोळसा धूर करतो, डोळे चुरचुरतात आणि दमेकऱ्याला धाप लागते.

दुसरा कांडी कोळसा, म्हणजे ब्रिकेट. कोळशाची भुकटी खळीसारख्या चिकट पदार्थात मळून दाबून त्याच्या कांड्या पाडतात. आपल्या ऊसपट्ट्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे. ऊस तुटल्यावर मागे राहणारे पाचट बरेच शेतकरी शेतातच पेटवून देतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने या पाचटापासून कोळसा व त्याच्या कांड्या करण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी संस्थेला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. चांगली कांडी सावकाश आणि एकसारखी जळते, ठिणग्या कमी उडवते. मात्र तिच्यात राख जास्त आणि आच लाकडी कोळशाहून थोडी कमी असते. जळून गेल्यावर मातीचे ढेकूळच उरले, तर भेसळ आहे असे समजावे.

तिसरा 'पांढरा कोळसा'. नावात कोळसा असला तरी तो कोळसा नव्हे. भुसा, बगॅस, शेंगांची टरफले नुसती दाबून केलेले ते ओंडके असतात. ते बॉयलरसाठी ठीक. अन्न भाजण्यासाठी वापरू नयेत, कारण धूर लाकडासारखाच होतो. दगडी कोळशाचेही तसेच. त्यातल्या गंधकाचा वायू घशाला आणि फुप्फुसांना जाचतो. रॉकेल ओतून पेटवलेल्या किंवा चटकन पेटावा म्हणून रसायन लावलेल्या कोळशावर वास पूर्ण जाईपर्यंत काही भाजू नये.

भाजताना एवढे पाळावे. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर धरल्यावरच जाळी ठेवावी. मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो, त्यात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये असतात आणि ती अन्नावर बसतात. म्हणून चरबी आधी काढावी, जाळी थोडी उंच ठेवावी, करपलेला भाग खाऊ नये. डाळीला किंवा भरताला क्वचित दिलेल्या धुंगाराने घाबरण्याचे कारण नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. कोळसा जितका चांगला, तितका धूर कमी. आणि धूर नाही म्हणून लोक ती शेगडी निर्धास्तपणे घरात आणतात. खरा धोका येथेच आहे. कोणताही कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळेनासा होतो. लाकडी कोळसा असो वा कांडी, या बाबतीत दोघेही सारखेच. वर राख धरलेले निखारेसुद्धा हा वायू सोडतच असतात.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. वडीलधाऱ्यांचा हेतू मायेचा असतो, पण त्या खोलीत तान्हे मूलही तोच वायू घेत असते आणि त्याचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद चालतो. आई आणि बाळाला ऊब द्यायची तर गोधडी, टोपडे आणि अंगाशी धरलेले बाळ पुरेसे आहे. आईला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरावी. शेगडी अंगणातच राहू द्यावी. बंद खोलीत, बंद गाडीत किंवा पाली ठोकून झोपताना तंबूत ती कधीही नेऊ नये.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, अंगातले त्राण जाणे ही पहिली लक्षणे. घरातल्या दोघा-तिघांना एकदमच असे होऊ लागले आणि जवळ शेगडी असेल तर अपचन म्हणून सोडून देऊ नका. दारे उघडा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा, १०८ वर फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. कोरोनापासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र आहे, पण येथे ते फसवते; रक्त विषारी झालेले असतानाही आकडा चांगलाच दाखवते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. रुग्णालयात मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे तासा-दीड तासात तेवढे काम होते. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णाला दाखवून आणावेच. गरोदर स्त्री असेल तर मुळीच थांबू नये.

तेव्हा कोळसा पारखून घ्या, खणखणीत घ्या. पण पेटवा तो डोक्यावर आभाळ असेल तेथेच.