खाणीवर जगणारे राज्य

मंडळी, शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर आफ्रिका खंडाच्या ऐन मध्यावर बोट ठेवा. विषुववृत्त ज्याच्या पोटातून जाते असा एक अवाढव्य देश तेथे सापडेल. त्याचे नाव काँगो. त्याच नावाचा एक लहान देश शेजारी आहे. आपण बोलतो आहोत तो किन्शासा राजधानीचा मोठा काँगो. आकाराने तो भारताच्या दोन-तृतीयांशाहून थोडा मोठाच भरेल.

या देशाच्या आग्नेय कोपऱ्याला कटांगा म्हणतात. तेथे जमिनीखाली तांबे आहे आणि कोबाल्ट नावाचा धातू आहे. मोबाइलच्या बॅटरीत पुष्कळदा हाच कोबाल्ट असतो. जगभरच्या खाणींतून जेवढा कोबाल्ट निघतो त्यातला निम्म्याहून कितीतरी अधिक एकट्या काँगोतून येतो. पूर्वेकडे सोने आहे, कथील आहे. आणि तरीही तेथला सामान्य माणूस जगातल्या अत्यंत गरीब माणसांत मोडतो.

आता तुम्ही म्हणाल, अहो, ज्याच्या शेतात मोहरांचा हंडा निघाला त्याला कसली ददात? शंका रास्त आहे. पण उत्तर शोधायचे तर आधी आपल्या गावातच एक गोष्ट पाहू. घरपट्टी वसूल करायला पंचायतीचा माणूस दारात आला की तुम्ही त्याला काय विचारता? "पट्टी देतो, पण गटाराचे काय झाले? नळाला पाणी कधी?" पैसा तुमच्याकडून जातो म्हणून जाब विचारण्याचा हक्कही तुमच्याकडे राहतो. समजा, पंचायतीला एखाद्या खाणीतून परस्पर लाखो रुपये मिळू लागले. मग तुमची पट्टी कोणाला हवी? आणि तुमची तक्रार तरी कोण ऐकणार? शिवाय, ज्याच्या हाती खाण त्याच्या हाती पंचायत, हे एकदा कळले की खाणीसाठी लाठ्याकाठ्या निघायला किती वेळ लागतो?

काँगोत नेमके हेच झाले, फक्त लाठ्यांऐवजी बंदुका होत्या.

३० जून १९६० रोजी बेल्जियमचे राज्य संपून हा देश स्वतंत्र झाला. इतक्या मोठ्या देशात तेव्हा विद्यापीठाची पदवी घेतलेले देशी लोक हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच होते, आणि सैन्यातले अधिकारी झाडून सारे बेल्जियन. आठवडा झाला नाही तोच सैन्यात बंड झाले. ११ जुलैला मोइज त्शोम्बे यांनी कटांगा वेगळा झाल्याचे जाहीर केले. तांब्याच्या खाणी तेथे एका बेल्जियन कंपनीकडे होत्या. या कंपनीने आपला कर राजधानीकडे न पाठवता त्शोम्बे यांच्याकडे भरायला सुरुवात केली. बस्स! मध्यवर्ती सरकारचा खजिना कोरडा पडला आणि त्शोम्बे यांना भाडोत्री सैनिक ठेवण्याची सोय झाली. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना पकडून त्याच कटांगात नेले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी ठार मारले.

या प्रकरणात आपल्याही माणसांचे रक्त सांडले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने काँगोत शांतिसेना धाडली तीत भारतीय जवान होते. एलिझाबेथव्हिल (आजचे लुबुम्बाशी) या कटांगाच्या राजधानीत रस्ता मोकळा करताना ५ डिसेंबर १९६१ रोजी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. गुरुजींनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. कटांगा १९६३ च्या जानेवारीत पुन्हा काँगोत आला.

पुढे १९६५ मध्ये सेनापती मोबुटू यांनी सत्ता घेतली. खाणी परकी कंपनीकडून काढून सरकारी केल्या. लोकांना आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण खाण सरकारची झाली तरी सरकार लोकांचे झाले नव्हते. विक्रीचा पैसा मोबुटू आणि त्यांच्या गोतावळ्यात मुरू लागला. अशात १९७४ मध्ये तांब्याचा भाव चढला आणि वर्ष सरायच्या आत निम्म्याखाली कोसळला. कांद्याचा भाव पडला म्हणजे काय होते हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. येथे साऱ्या देशाचे तेच एक पीक होते. भाव तेजीत असताना काढलेले कर्ज उरावर राहिले. दुसऱ्याच वर्षी शेजारच्या अंगोलात यादवी पेटली आणि तांबे समुद्राकडे नेणारा जवळचा लोहमार्ग बंद पडला. पाहा, भांडण शेजाऱ्याचे आणि वाट अडली आपली! यंत्रे झिजली, दुरुस्तीला पैसा नाही. १९९० मध्ये कामोटोची मोठी खाण आत ढासळली. जेथून वर्षाला साडेचार लाख टनांवर तांबे निघे, तेथून १९९४ च्या सुमारास चाळीस हजार टनही निघेना. १९९१ मध्ये तर सैनिकांनीच राजधानी लुटली. पगार ज्या नोटांत मिळे त्यांना मोलच उरले नव्हते.

१९९७ मध्ये मोबुटू पळाले, पण युद्ध थांबले नाही. पूर्वेच्या डोंगरांत कोल्टन नावाची काळी माती मिळते. विजेच्या बारीक उपकरणांत तिच्यातला धातू लागतो. ती काढायला मोठी यंत्रे नकोत, फावडे आणि पाठ पुरते. म्हणून टोळीवाल्यांना खाण चालवावीच लागत नाही. रस्त्यावर नाका बसवला की झाले. दर पोत्यामागे जकात. २०२४ मध्ये एम-२३ या बंडखोर संघटनेने रुबाया येथील कोल्टनच्या खाणी घेतल्या आणि २०२५ च्या जानेवारीत गोमा हे मोठे शहर घेतले. रवांडाचा तिला पाठिंबा आहे असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी नोंदवले आहे; रवांडा ते नाकारतो.

मग खनिज निघाले की वाटोळे ठरलेलेच का? तसे मला वाटत नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेला बोट्स्वाना पाहा. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा हा वाळवंटी, दुष्काळी, गुरे राखणारा देश होता. १९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले, तेही राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या मुलखात. त्यांना "हे आमचे" म्हणता आले असते. त्याच वर्षी कायदा होऊन जमिनीखालचे धन जमातींचे न राहता साऱ्या राष्ट्राचे झाले. परक्या कंपनीशी पुढे निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार झाला, निवडणुका वेळच्या वेळी होत राहिल्या, आणि हिऱ्यांच्या पैशातून शाळा व रस्ते उभे राहिले.

एका पिकाचा धोका मात्र त्यांनाही चुकला नाही. कारखान्यात तयार होणारे हिरे बाजारात आले, खाणीतल्या हिऱ्यांचा भाव उतरला, सरकारी तिजोरीला ओढ लागली, तरुणांना नोकऱ्या मिळेनात. २०२४ च्या निवडणुकीत लोकांनी अठ्ठावन्न वर्षे राज्य केलेला पक्ष खाली खेचला. राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी पूर्ण मोजणी होण्याआधीच पराभव मान्य केला आणि काही तासांत नव्या अध्यक्षांचा शपथविधीही झाला.