हलगी कोणाची, नाव कोणाचे?

लग्नसराई सुरू झाली की तळोद्यात एका संध्याकाळी दोन-तीन वराती तरी रस्त्यावर दिसतात. एकीपुढे बँडची गाडी असते, दुसरीपुढे डीजेच्या भिंती, आणि वरात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आली असेल तर तिच्यापुढे ढोल. पण ‘झिंगाट’ कुठे ना कुठे वाजतेच. अशाच एका वरातीनंतर आमच्या वस्तीतल्या आणि पाड्यावरच्या पोरांचा चहाच्या टपरीवर वाद जुंपला, तो आम्ही शेवटपर्यंत ऐकला. वाद मानपानाचा नव्हता, पक्षाचाही नव्हता. तो अजय-अतुल या संगीतकार जोडीचा होता.

वाद घालणारे सगळेच त्यांचे चाहते. एक म्हणाला, यांचे सगळे हॉलिवूडच्या वाद्यवृंदावरून उचललेले. डीजेवर काम करणारा दुसरा म्हणाला, छट्, मूळ इळैयाराजांचे आहे, ऐकायला कान पाहिजेत. तिसऱ्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि म्हणाला, ही हलगी आहे, आपल्या बापजाद्यांची, बाकी सगळी सजावट. चौथ्याने तिघांनाही मोडीत काढले. त्याच्या मते आता जमाना क्रेटेक्स आणि श्रेयस या जोडीचा. संपूर्ण यंत्रावर केलेले त्यांचे ‘तांबडी चामडी’ २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने काढले आणि मराठी शब्दांवर जग नाचले.

चळवळीच्या वृत्तपत्रात हा विषय कशाला, असे आमचे काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील. त्यांना आमची विनंती आहे की १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपली पोरे कशावर नाचतात ते आधी पाहावे. आणि दुसरे असे की, या वादात आपल्या समाजाचा जुना, न मिटलेला हिशेब दडलेला आहे.

आधी पोरांच्या वादाचा निवाडा. अजय आणि अतुल गोगावले यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही. वडील महसूल खात्यात, बदल्या राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव, शिरूर अशा गावांत. तिथे गोंधळ, भजन, तमाशा, बँड हेच त्यांचे विद्यापीठ. वाद्यवृंदाचे म्हणाल तर ‘सैराट’चे संगीत त्यांनी हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत मोठ्या सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले, हे खरेच आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी तो चित्रपट आला आणि आर्ची-परश्याच्या मागे पाश्चात्य व्हायोलिने वाजली. त्यात उचलेगिरी कसली? जातीबाहेर प्रेम केले म्हणून मारल्या जाणाऱ्या पोरापोरींच्या वाट्याला एकदा तरी राजेशाही वाद्यवृंद आला, यात आम्हांला वावगे वाटत नाही. वावगे वाटले ते २०१८ मध्ये, हिंदी ‘धडक’ आला तेव्हा. काही गाणी तीच ठेवली, पण जातीचा डंख बोथट करून टाकला. चाल हिंदीत गेली, प्रश्न सीमेवरच राहिला.

इळैयाराजांचे नाव घेणारा पोरगा अधिक बरोबर होता. आपण त्यांना मानतो, हे या भावांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. आमच्या वाचकांना हे माहीत असावे की १९४३ मध्ये तमिळनाडूतील पन्नैपुरम या खेड्यात, दलित कुटुंबात जन्मलेला हा माणूस. थोरले सावत्र बंधू पावलर वरदराजन यांच्या पथकाबरोबर कम्युनिस्ट पक्षाच्या सभांतून गात-वाजवत तो वाढला. म्हणजे आपल्याकडे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले, तशीच ही शाळा. पुढे याच माणसाने खेड्यातला ठेका, पाश्चात्य व्हायोलिन आणि सिंथेसायझर एका गाण्यात नांदवून दाखवले. ८ मार्च २०२५ रोजी लंडनमध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने त्यांची सिंफनी वाजवली. २०२२ मध्ये एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी पंतप्रधानांची तुलना बाबासाहेबांशी केली, ती आम्हांला मुळीच पटलेली नाही, आणि पुढे काही महिन्यांत ते राज्यसभेवर नियुक्त झाले हेही आम्ही विसरलेलो नाही. पण त्यामुळे त्यांचे संगीत लहान होत नाही.

या माणसाकडून आपल्या पोरांनी आणखी एक गोष्ट शिकावी. आपल्या गाण्यांच्या हक्कासाठी तो कोणाचीही भीड ठेवत नाही. ज्या एस. पी. बालसुब्रमण्यम यांनी त्यांची असंख्य गाणी गायली, त्यांनाही २०१७ मध्ये त्यांनी नोटीस धाडली होती. लोकांनी त्यांना हावरट म्हटले. आम्ही वकील म्हणून त्यांना शहाणे म्हणतो.

आता हलगी. इथे पोरांचा वाद आपल्या घरात शिरतो. लाकडाचे किंवा लोखंडाचे कडे, त्यावर ताणलेले कातडे, विस्तवावर शेकून आणलेला ताव आणि हातात दोन काड्या. हे वाद्य गावाने मांग-महारांच्या गळ्यात अडकवले. जत्रेत वाजवा, देवापुढे वाजवा, पाटलाच्या वरातीत वाजवा, मयतीत वाजवा, आणि बदल्यात भाकरतुकडा. तमिळ मुलखात ‘परै’ या वाद्याची हीच गत. ते वाजवणाऱ्या जातीच्या नावावरून इंग्रजीत ‘पराया’ हा बहिष्कृतासाठीचा शब्द गेला. म्हणून बाबासाहेबांनी वतनदारीच्या बेडीवर १९२८ मध्येच विधेयक आणून घाव घातला. १९३६ च्या जून महिन्यात मुंबईत पोतराज, देवदासी, जोगतिणी यांच्यासमोर त्यांनी ही लाचारी टाकून देण्याचे आवाहन केले. धर्मांतरानंतर कित्येक गावांत आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तसेच गावकीची वाजंत्रीही सोडली आणि त्यापायी बहिष्कार सोसला. ज्यांच्या घरांनी ते सोसले, त्यांना आज डीजेवर हलगीचा ठेका ऐकून नाचणारा नातू खटकतो. ते समजण्यासारखे आहे.

पण नातवाचेही ऐका. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, हा त्यांना केम गावात हलगी वाजवतानाच सापडला आणि त्या पोराने बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. त्याच मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) भीमजयंतीची मिरवणूक डीजेसकट मोठ्या पडद्यावर आली, संगीत अजय-अतुल यांचेच. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’साठी या जोडीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपट यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा. ही प्रथा बंद करणारा नवा कायदा महाराष्ट्राने २००५ सालचा म्हणून केला, आणि तिची गाणी मात्र सुशिक्षितांच्या घरांत २००९ नंतर पोहोचली. गाणे ऐकून किती जणांनी प्रथेबद्दल विचारले, हा प्रश्न आहेच.

आमचे मत स्पष्ट आहे. सक्तीने वाजवणे ही वेठ आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात वेठ हा गुन्हा आहे आणि नकार दिला म्हणून टाकलेला बहिष्कारही गुन्हा आहे. पण स्वखुशीने, ठरवलेल्या बिदागीवर, स्वतःच्या नावाने वाजवणे ही कला आहे. या दोहोंतली रेघ हलगीच्या कातड्यात नाही. ती मोबदल्यात आहे आणि नावात आहे.

टपरीवरच्या वादात नेमका हाच मुद्दा कोणी काढला नाही. ‘कोंबडी पळाली’ २००६ मध्ये गाजली तेव्हा तिच्यात आनंद शिंदे यांचा आवाज होता. प्रल्हाद शिंदे यांच्या घराण्याचा, भीमगीतांच्या मंचावर तापलेला. तीच चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली, तेव्हा गळा दुसरा आला. हा संगीतकारांचा अधिकार आहे, तक्रार नाही. निदान गायकाचे नाव तरी लोकांना पाठ असते. हलगी, संबळ, ढोल वाजवणाऱ्याचे काय? वामनदादा कर्डक (१९२२–२००४) शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफत. गरीब शाहिराचा तोच कॉपीराइट होता. हलगीवाल्याला शेवटचे कडवे नसते.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्या कलाकाराचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते बळकट झाले. कलम २ मधील व्याख्येत नट, गायक, वादक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. म्हणजे अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या राजवाडी होळीत पहाटेपर्यंत ढोल वाजवणारा आदिवासी बांधव कायद्याने पूर्ण कलाकार आहे. त्याच्या संमतीवाचून त्याचा ढोल ध्वनिमुद्रित करून विकता येत नाही. त्याचा हक्क पन्नास वर्षे टिकतो.

पण तोच ढोलवाला चित्रपटात गेला की व्याख्येला शेपूट लागते. ज्याचे सादरीकरण किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो चित्रपटापुरता ‘सादरकर्ता’ नाही! आपल्या वादनाची विटंबना रोखण्याचा तेवढा हक्क त्याच्याकडे उरतो. रॉयल्टी नाही, आणि नाव लावून घेण्याचा हक्कही नाही. वाचकहो, ही गंमत नीट लक्षात घ्या. नाव दिले नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून नाव देण्याची सक्ती नाही. कोणाचे नाव द्यायचे नाही, हा रिवाज कोणी पाडला हे आम्ही आमच्या वाचकांना सांगायला नको. यात आमचा रोख अजय-अतुल यांच्यावर नाही. हा सगळ्या धंद्याचा प्रश्न आहे. आणि ज्या गाण्याचा कणाच हलगी आहे, तिथे तिचा वादक किरकोळ कसा, असे न्यायालयात भांडायला भरपूर जागा आहे. कोणी पुढे आला पाहिजे.

यंत्रांनी हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. आज तळोद्याच्या कोणत्याही बँडवाल्याच्या ऑक्टोपॅडमध्ये ढोल, ताशा, हलगी, संबळ सगळे भरलेले असते. काडी मारली की आवाज. तो आवाज मुळात कोणाच्या तरी हाताचा आहे, कोणी तरी कुठे तरी एकदा तो मुद्रित केला. पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर जाताना हात गळून पडला, आवाज उरला. नुसत्या ठेक्यावर कोणाची मालकी नसते हे खरे, आणि लोकसंगीतावरचा समूहाचा हक्क राखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. म्हणून जे काही राखायचे ते मुद्रणाच्या वेळीच राखावे लागते. क्रेटेक्स-श्रेयसच्या चाहत्या पोराने यंत्रावर जरूर गाणी करावीत, आम्हांला आनंद आहे. फक्त पाड्यावरच्या काकांचा ढोल मोबाइलवर घेऊन सॅम्पल बनवताना काकांना विचारावे आणि गाण्याखाली त्यांचे नाव घालावे. आपणच आपल्या माणसाला बेनाम करू लागलो तर मुंबईवाल्यांना काय बोलायचे?

तळोदा, अक्कलकुवा, धडगाव भागातील बँडवाले, ढोलपथके आणि हलगीवाले यांनी स्टुडिओची किंवा शूटिंगची सुपारी तोंडी घेऊ नये. कागदावर वादकांची नावे, वाद्य, तारीख, ठरलेली रक्कम आणि ‘श्रेयनामावलीत नाव देण्यात येईल’ हे एक वाक्य असावे, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे छापील वाक्य कागदावर आधीच असेल तर सही करण्यापूर्वी ते कोणा वकिलाला दाखवावे. असा मसुदा आम्ही साध्या मराठीत एका पानाचा तयार केला आहे. ज्या पथकाला हवा असेल त्याने कोर्टाच्या आवारात आम्हांला भेटावे, फी नाही.