वेशीपाशी उभे असलेले शहाणपण

नाताळच्या दिवशी ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून आपल्या घरी फराळाचे ताट येते. परंतु त्या घरात वर्षभर वाचल्या जाणाऱ्या धर्मग्रंथाशी आपला परिचय क्वचितच असतो. बायबलच्या जुन्या करारातील ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक तर विदुरनीती अथवा समर्थांची मूर्खलक्षणे वाचणाऱ्यांस मुळीच परके वाटू नये. त्याचे अध्याय ३१. म्हणून महिन्याच्या प्रत्येक दिवशी एक अध्याय वाचण्याचा प्रघात अनेक ख्रिस्ती भाविक पाळतात.

ग्रंथारंभी शलमोन राजाचे नाव असले, तरी सारी वचने त्या एकट्याची नव्हेत. काही हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरून घेतली, तर शेवटच्या अध्यायातील उपदेश लमुएल राजास त्याच्या मातेने केलेला आहे. मूळ ग्रंथ यहुदी लोकांचा. ख्रिस्ती लोकांनी तो आपला मानला. वैरी भुकेला असल्यास त्यास जेवू घालावे, ही शिकवण पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात येथूनच घेतली.

या ग्रंथात शहाणपण स्त्रीरूपाने येते. ती मंदिरात नव्हे, रस्त्यात व वेशीपाशी उभी राहून हाका मारते. म्हणूनच येथील विषयही संसारातले आहेत: खोटी वजने, परक्याच्या कर्जास जामीन राहणे, शेजाऱ्याकडे वारंवार जाऊन त्यास कंटाळा आणणे. आगूर नावाचा पुरुष देवाकडे दारिद्र्य मागत नाही आणि श्रीमंतीही मागत नाही. श्रीमंतीने देवाचा विसर पडेल आणि दारिद्र्याने चोरी घडेल, हे भय त्यास वाटते. इतकी प्रामाणिक प्रार्थना आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

मात्र ही वचने कायद्याची कलमे नव्हेत. सव्विसाव्या अध्यायात मूर्खास उत्तर देऊ नये असे सांगितले आहे आणि लगेच पुढच्याच वचनात उत्तर द्यावे असे म्हटले आहे! कोणत्या प्रसंगी काय करावे, हे वाचणाऱ्यानेच ओळखावयाचे असते. हे ध्यानी न घेतल्यास मोठे दुःख ओढवते. मुलास लहानपणी योग्य वळण लावले तर तो म्हातारपणीही ते सोडणार नाही, अशा आशयाचे एक वचन आहे. ज्यांचा मुलगा व्यसनात गुंतला अथवा घर सोडून गेला, असे भाविक आईबाप ते वाचून स्वतःसच अपराधी ठरवितात. आमच्या मते हा त्या वचनावर अन्याय आहे. सूत्र बहुधा काय घडते ते सांगते. ते देवाने लिहून दिलेले वचनपत्र नव्हे. सज्जनासही दुःख भोगावे लागते, हे सांगण्यासाठी त्याच बायबलात ईयोबाचे पुस्तक आहे. छडीने शिस्त लावण्याविषयीची सूत्रेही आजच्या घरात शब्दशः घेऊ नयेत, असे आम्हांस वाटते.

ग्रंथाच्या अखेरीस कर्तबगार गृहिणीचे वर्णन येते. ती शेत पारखून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड विणून विकते आणि गरिबांस सढळ हाताने देते. मूळ हिब्रूत या २२ कडव्यांचा आरंभ वर्णमालेतील २२ अक्षरांनी क्रमाने होतो. भाषांतरात ही गंमत उतरत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या; त्यांचे हे भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनने १९२४ मध्ये छापून प्रसिद्ध केले.