विश्लेषण : बाथरूमबाहेरचं पायपुसणं खरंच ‘नैसर्गिक’ आहे का? घेताना काय बघायचं?

खरेदीच्या अ‍ॅपवर ‘बाथ मॅट’ असं टाइप केलं की ‘नॅचरल’, ‘इको-फ्रेंडली’, ‘बांबू’, ‘ऑरगॅनिक’ अशी नावं मिरवणारी पायपुसणी एकामागून एक समोर येतात. हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यावरून ऑर्डर देणाऱ्याला आणि पुण्यातल्या फ्लॅटमधल्या ग्राहकाला अ‍ॅप साधारण एकच यादी दाखवतं. दोघांचं पाणी, हवा आणि न्हाणी मात्र सारखी नसते.

बाथ मॅटविषयी इंटरनेटवर मिळणारे बरेचसे सल्ले परदेशी बाथरूम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. तिथे टबमधून बाहेर पाय टाकला की खाली कोरडी फरशी असते. आपल्याकडे बादली-तांब्याने अंघोळ होते, आतली सगळी फरशी ओली होते आणि पायपुसणं दाराबाहेर पडलेलं असतं. त्यात बोअरचं जड पाणी, उन्हाळ्यातली टंचाई आणि पावसाळ्यातली दमट हवा. अशा घरासाठी पर्यावरणाला आणि पायांनाही सोसणारं पायपुसणं कोणतं, ते समजून घेऊया.

एवढ्याशा वस्तूचा एवढा विचार कशाला?

पहिलं कारण सुरक्षिततेचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार जणांचा मृत्यू पडल्यामुळे होतो आणि त्यात ६० वर्षांवरच्या व्यक्तींचं प्रमाण सर्वाधिक असतं. गुळगुळीत टाइल, त्यावर पाणी आणि वर सरकणारं पायपुसणं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी धोक्याचंच आहे.

दुसरं कारण त्वचेचं. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. हा बहुतेक वेळा बुरशीचा संसर्ग असतो आणि ओलसर पायपुसण्यावरून तो घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बारीक जखम किंवा भेग लवकर लक्षात येत नाही. त्यामुळे पायपुसणं कोणत्या धाग्याचं आहे याइतकंच ते रोज कोरडं होतं का, हेही महत्त्वाचं ठरतं.

‘इको-फ्रेंडली’ लिहिलं म्हणजे ते तसं असतंच का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केल्या जाणाऱ्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे शब्द वापरणाऱ्या कंपनीकडे त्याचा आधार असला पाहिजे आणि तो ग्राहकाला पाहता आला पाहिजे, असं ही तत्त्वे सांगतात. म्हणून नावापेक्षा ‘मटेरियल’ ही ओळ आधी वाचा.

तिथे ‘मायक्रोफायबर’ लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असतं. ‘मेमरी फोम’ म्हणजे पॉलियुरेथेनचा स्पंज. केसाळ, गुबगुबीत ‘शेनील’ पायपुसणीही बहुधा पॉलिएस्टरचीच असतात.

सर्वात फसवा शब्द ‘बांबू’. बांबूच्या पट्ट्यांचं पायपुसणं खरोखर बांबूचं असतं. पण मऊ ‘बांबू फायबर’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतांशी व्हिस्कोस असतं, म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्यापासून पुन्हा ओढलेला धागा. व्हिस्कोसला ‘बांबू’ म्हणून विकल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांवर कारवाई केली. दोघांना मिळून ५५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला.

आपल्या शेतातला कापूस ‘ऑरगॅनिक’ असतो का?

हिंगोली आणि वाशिम या दोन्ही जिल्ह्यांत कापूस पिकतो. त्यामुळे ‘सुती म्हणजे सेंद्रिय’ असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात देशातला बहुतेक कापूस बीटी वाणाचा आहे. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या नियमांत जनुकीय बदल केलेलं बियाणं बसत नाही. म्हणजे आपला कापूस नैसर्गिक धागा आहे, पण सेंद्रिय नव्हे. ‘१०० टक्के कॉटन’ आणि ‘ऑरगॅनिक कॉटन’ हे दोन वेगळे दावे आहेत.

दुसऱ्या दाव्यासाठी ‘जीओटीएस’ हे चिन्ह बघा. त्यात ‘ऑरगॅनिक’ दर्जासाठी किमान ९५ टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. ‘ओईको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे चिन्ह अनेकांना सेंद्रियचं वाटतं. ते फक्त तयार मालात घातक रसायनं मर्यादेपेक्षा जास्त नाहीत, एवढंच सांगतं.

कापसाची दुसरी बाजूही आहे. एक किलो सुती कापडामागे जगभराच्या सरासरीने सुमारे १० हजार लिटर पाणी लागतं, असा वॉटर फूटप्रिंट नेटवर्कचा हिशेब आहे. मराठवाड्यातला बराचसा कापूस कोरडवाहू असल्याने त्यातला मोठा वाटा पावसाच्या पाण्याचा असतो. तरीही मुद्दा उरतोच : सुती पायपुसणं दर सहा महिन्यांनी बदलायचं असेल तर ते पर्यावरणपूरक राहत नाही.

मग कोणता धागा न्हाणीला चालतो?

सुती : कापूस भिजल्यावर कमजोर होत नाही, उलट त्याची ताकद वाढते. पिळणं, आपटणं, गरम पाणी हे सगळं तो सोसतो. रोजच्या वापराला सर्वात भरवशाचा.

ताग : कापसापेक्षा जास्त ओलावा धरतो. नेहमीच्या हवेत कापूस वजनाच्या साधारण ८.५ टक्के, तर ताग १३ टक्क्यांहून थोडा जास्त ओलावा शोषून ठेवतो. मात्र भिजल्यावर त्याची ताकद घटते, तो सावकाश वाळतो आणि फरशीवर तपकिरी डाग पाडू शकतो. तो बैठकीच्या दाराशी ठेवा, न्हाणीच्या दाराशी नको.

काथ्या : नारळाच्या सोडणाच्या या धाग्यात लिग्निन भरपूर असल्याने तो सहज कुजत नाही. पण तो पाणी टिपत नाही, चिखल खरवडतो. अंगणातून आत येताना उत्तम. अंघोळीने मऊ झालेल्या पायांना टोचतो. मधुमेही व्यक्तींनी टाळलेला बरा.

अंबाडी : मराठवाड्याला हिची भाजी जितकी ओळखीची, तितकेच तिच्या सालीचे दोर. धागा चिवट आहे, पण गुणधर्म तागाच्या जवळचे. त्यामुळे तोच नियम इथेही लावा.

बांबू किंवा लाकडाच्या पट्ट्या : पाणी खाली निथळतं, म्हणून लवकर वाळतात. पट्ट्यांखाली पाणी साचू दिलं तर बांबू काळा पडतो. रोज उभं करून ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

लोकर : घोंगडी ऊबेसाठी चांगली. सतत भिजली तर वास धरते आणि कसर लागते.

‘स्टोन मॅट’ : डायटोमाइट या सच्छिद्र मातीची ही पाटी पाणी झटकन शोषते. पण ती पडली की तुटते. २०२० मध्ये जपानमध्ये अशा काही पाट्यांत अ‍ॅस्बेस्टॉस आढळल्याने त्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या होत्या. त्यामुळे बिननावाची स्वस्त पाटी घेऊन घरी पॉलिश पेपरने घासत बसू नका.

पॉलिएस्टरचं काय? मायक्रोफायबर पाणी टिपतं आणि लवकर वाळतं, हे खरं. अडचण धुण्यात आहे. ब्रिटनच्या प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधल्या अभ्यासात सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त सूक्ष्म तंतू सुटू शकतात, असं दिसलं. पॉलिएस्टरचा आकडाही सुमारे पाच लाखांचा होता. धुण्याचं पाणी जिथे गटारातून थेट ओढ्याला मिळतं, तिथे हे तंतूही त्याच वाटेने जातात.

‘जीएसएम’ किती असावा?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ४० बाय ६० सेंटिमीटरच्या पायपुसण्याचं क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर होतं. ते ३६० ग्रॅम भरलं तर जीएसएम १५००. १६८ ग्रॅम भरलं तर ७००.

हॉटेलसारखं जाडजूड पायपुसणं हाताला छान लागतं. पण ते धुवायला पाणी जास्त लागतं, पिळताना मनगट दुखतं आणि पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस ओलं राहतं. आपल्याकडे ६०० ते ९०० जीएसएमची दोन पातळ पायपुसणी एका जाड पायपुसण्यापेक्षा सोयीची. एक दाराशी, एक दोरीवर. एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघावी लागणाऱ्या घरात हा फरक बादल्यांमध्ये मोजता येतो.

बोअरच्या पाण्याने पायपुसणं कडक का होतं?

पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो. तो धाग्यांत अडकतो, पायपुसणं पापडासारखं कडक होतं आणि पाणी टिपेनासं होतं.

उपाय साधे आहेत. वडीच्या साबणाऐवजी डिटर्जंट वापरा आणि तेही बेताने. महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला. फॅब्रिक सॉफ्टनर टाळा. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि शोषण कमी होतं. नवं पायपुसणंही कारखान्यातल्या फिनिशमुळे सुरुवातीला पाणी ढकलतं, दोन-तीन धुण्यांनंतर सुधारतं.

घसरू नये म्हणून काय करायचं?

बऱ्याच पायपुसण्यांच्या पाठीला रबर, लेटेक्स किंवा पीव्हीसीचा थर असतो. पकड चांगली मिळते, पण कडक उन्हात आणि गरम पाण्यात त्या थराला भेगा पडतात, भुगा सुटतो आणि वरचं कापड धड असताना पायपुसणं फेकावं लागतं. कापड आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटलेलं असल्याने ते वेगळंही करता येत नाही.

त्यापेक्षा साधं सुती पायपुसणं घ्या आणि खाली सुटी रबरी जाळी अंथरा. कापड उन्हात, जाळी सावलीत वाळवा. जुन्या घरातली खरखरीत शहाबादी फरशी टाइलपेक्षा कमी घसरते, पण शेवाळ धरलं तर तीही निसरडी होते. घरात वयस्कर माणूस असेल तर न्हाणीच्या भिंतीला पकडायला दांडी बसवणं हे कोणत्याही मॅटपेक्षा महत्त्वाचं आहे.

घरी तपासणी कशी करायची?

एक, कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळा. जळलेल्या कागदासारखा वास आणि बोटाने विरणारी राख आली तर कापूस, ताग किंवा व्हिस्कोस. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही दिसलं तर मिश्रण.

दोन, ‘बांबू’च्या नावाचा मऊ धागा ओला करून ओढा. व्हिस्कोस ओलं झालं की पटकन तुटतं.

तीन, एकदा धुतलेल्या पायपुसण्यावर थेंबभर पाणी टाका. थेंब गोल राहून पसरत नसेल तर ते पायही पुसणार नाही.

धागा जाळायची तपासणी लहान मुलांपासून दूर, मोकळ्या जागेत करा.

विकत घ्यायलाच हवं का?

बहुतेक घरांत गरज नाही. जुनी सोलापुरी चादर, विरलेला टेरी टॉवेल, धोतर किंवा सुती लुगडं यांच्या चार-पाच घड्या घालून गोधडीसारखे धावदोऱ्याचे टाके घातले की चांगलं पायपुसणं होतं. या कापडासाठीचं पाणी, वीज आणि रंग आधीच खर्च झालेले असतात, त्यामुळे कोणतंही प्रमाणित ‘ऑरगॅनिक’ पायपुसणं इथे मागे पडतं. वर्षानुवर्षं धुतलेलं सूत पाणीही चटकन टिपतं. फक्त नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी घेऊ नका; ती पाणी टिपत नाही आणि टाइलवर सरकते.

दुकानातूनच घ्यायचं असेल तर क्रम असा ठेवा : मटेरियलच्या ओळीत १०० टक्के सुती, पाठीला चिकटवलेला थर नाही, एका दिवसात वाळेल इतकी जाडी. सेंद्रियचं चिन्ह परवडत असेल तर त्यानंतर.

पायपुसणं फाटलं की काय करायचं?

पाठीला थर नसलेलं सुती पायपुसणं आधी फरशी पुसायला, मग गाडी पुसायला आणि शेवटी तुकडे करून खताच्या खड्ड्यात जातं. रबर किंवा पीव्हीसी चिकटवलेलं तसं जात नाही. अनेक गावांत असा कचरा उकिरड्यावर पेटवला जातो किंवा अंघोळीचं पाणी तापवायला बंबात घातला जातो. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं धुरात मिसळतात आणि बंबाजवळ बसलेल्या माणसाच्या छातीत जातात. असं पायपुसणं जाळू नका, सुक्या कचऱ्यात द्या. आणि पुढचं घेताना आधी उलटं करून त्याची पाठ बघा.