चिपाडाचा कोळसा आणि कॉलेजातली पोरं



'स्टार्टअप' हा शब्द आता आपल्या वाडीवस्तीपर्यंत येऊन पोचला आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला असेल तर घरात हा शब्द एकदा तरी निघतोच. विद्यापीठाने स्पर्धा ठेवली आहे, नव्या धंद्याची कल्पना मांडायची, पहिल्या नंबराला रोख बक्षीस आहे, वगैरे. आपण ऐकतो आणि म्हणतो, "बाबा, आधी परीक्षा पास हो." त्यात आपले काही चुकते असे नाही. पण या स्पर्धांतून खरोखर काय निघते, पैसा कोण देतो, तो कोठे जातो, हे आपल्याला माहीत असलेले बरे. आपली पोरे त्यात आहेत आणि त्यांची निम्मी यंत्रे आपल्याच शेतासाठी असतात. म्हणून उसाशी संबंध असलेली एक हकीकत येथे देत आहोत.

अमेरिकेत बोस्टन शहराला लागून, नदीपलीकडे केंब्रिज नावाचे गाव आहे. तेथे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे विद्यापीठ आहे. त्यालाही एमआयटी म्हणतात. आपल्या पुण्यातील ती निराळी. तेथे विद्यार्थ्यांसाठी धंद्याच्या योजनांची स्पर्धा १९९० साली सुरू झाली तेव्हा बक्षीस दहा हजार डॉलर होते. पुढे ते पन्नास हजार झाले व नंतर एक लाख. या स्पर्धेतील एक गोष्ट मोठी बोलकी आहे. १९९८ साली डॅनियल लेविन हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक टॉम लेटन यांची तुकडी शेवटच्या फेरीपर्यंत पोचली, पण पहिला नंबर काही मिळाला नाही. त्यांनी कंपनी काढलीच. तिचे नाव अकामाय. इंटरनेटवरची माहिती लोकांपर्यंत लवकर पोचविण्याचे काम ती करते व आज जगातील मोठ्या कंपन्यांत तिची गणना होते. तेव्हा आपले पोरगे स्पर्धेत हरून आले तर लगेच त्याला "बघ, सांगत होतो" म्हणू नये.

पण आमचा विषय त्या लाख डॉलरवाल्या स्पर्धेचा नाही. त्याच विद्यापीठात २००१ साली दुसरी एक स्पर्धा निघाली, तिचे नाव 'आयडियाज'. बक्षीस लहान, काही हजार डॉलरचे. गरीब माणसाच्या अडचणीवर उपाय काढायचा, ज्यांची अडचण आहे त्या लोकांना बरोबर घेऊन काम करायचे आणि बक्षिसाचा पैसा ते काम उभे करण्यात घालायचा, अशी तिची रीत. ही स्पर्धा सुरू करण्यात एमी स्मिथ या बाईंचा पुढाकार होता. वडील त्याच विद्यापीठात विजेचे इंजिनिअरिंग शिकवीत. त्यांच्या नोकरीमुळे लहानपणी एक वर्ष त्या आपल्या भारतात राहिल्या होत्या. पुढे इंजिनिअर झाल्यावर १९८६ ते १९९० त्यांनी आफ्रिकेत बोट्स्वाना देशात घालविली. आधी शाळेत शिकविले व मग मधमाश्या पाळण्याचा सल्ला देत गावोगाव हिंडल्या.

आफ्रिकेत त्यांनी एक पाहिले. धान्य दळायच्या यंत्राची जाळी फुटली की सगळे यंत्र पडून राहते, कारण नवी जाळी गावात मिळत नाही. आपल्याकडे गिरणीची जाळी तालुक्याला मिळते, तरी दोन दिवस जातात. बाईंनी जाळीच काढून टाकली. वाऱ्याच्या झोताने बारीक पीठ बाजूला होईल आणि भरड मागे राहील, अशी गिरणी त्यांनी केली. तिच्यावर गावातला लोहारसुद्धा हात चालवू शकतो. अशा कामांबद्दल २००० साली त्यांना विद्यार्थी संशोधकांचे लेमेल्सन पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

'आयडियाज'च्या पहिल्या वर्षीच्या, म्हणजे २००२ सालच्या बक्षीसपात्र कामांत नेपाळचे एक काम होते. नेपाळच्या तराईत कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे विष, निघते. त्यावर विद्यार्थ्यांनी व त्यांच्या शिक्षिकेने तेथील संस्थांबरोबर बसून एक गाळणे तयार केले, त्याचे नाव 'कांचन'. आत खडी, वाळू आणि वरच्या ताटलीत पाच किलो साधे लोखंडी खिळे. खिळे गंजतात, विष त्या गंजाला धरते, गंज वाळूत अडतो, खाली येते ते पाणी प्यावे. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून ते तिथल्या तिथे होते. पुढच्याच वर्षी या कामाला जागतिक बँकेच्या स्पर्धेतही बक्षीस मिळाले. कॉलेजातल्या छोट्या बक्षिसाचा उपयोग असा झाला.

आता उसाकडे येऊ. हैती हा वेस्ट इंडीज बेटांतला देश. फ्रेंचांच्या काळात जगात सर्वांत जास्त साखर तेथे होत असे, ती गुलामांच्या घामाची. १७९१ मध्ये गुलामांनी बंड केले आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. तेथील मोठा साखर कारखाना १९८७ साली बंद पडला. ऊस मात्र राहिला. लहान चरक्यांवर रस काढून काकवी, दारू आणि आपल्या गुळासारखा 'रापादू' करतात. स्वयंपाक चालतो लाकडी कोळशावर, आणि त्यापायी डोंगर बोडके झाले. एमी स्मिथ यांचे विद्यार्थी तेथे गेले ते सरपणाला पर्याय शोधायला. त्यांना दिसले, की चरक्याच्या बाजूला चिपाडाचे ढीग नुसते पडून आहेत.

आपल्या गुऱ्हाळावर चिपाड वाया जात नाही, ते चुलवाणात जाते. कारखान्यात बगॅस बॉयलरला जाते, वर वीजही होते. पण घरातल्या चुलीत ओले-सुके चिपाड घालून बघा, धुराने डोळे जातील. म्हणून त्यांनी कोळसा केला. दोनशे लिटरचे जुने तेलाचे पिंप घ्यायचे, बुडाला भोके पाडायची, वाळलेले चिपाड भरून पेटवायचे. धूर निवळला की वर झाकण ठेवायचे, बुडाला व कडेला माती लावून वारा बंद करायचा. आतले चिपाड जळून राख होत नाही, काळे होऊन राहते. थंड झाल्यावर ते कुटायचे. भुगा चुलीत टिकत नाही म्हणून कसाव्याची खळ, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्याची लापशी, बांधायला घालायची आणि दाबून वड्या पाडायच्या.

सांगायला सोपे, पण मेहनत या शेवटच्या भागातच गेली. पहिल्या वड्या हातात घेतल्या की फुटत. किती खळ घालायची, दाबायचे यंत्र किती स्वस्त बसेल, बाजारात लाकडी कोळशाच्या भावात ते विकेल का, असे प्रश्न संपेनात. पुढे विद्यार्थ्यांनी मक्याची कणसे, म्हणजे दाणे काढलेली बुरकुंडे, अख्खीच पिंपात घालून पाहिली. ती अख्खीच कोळसा होऊन बाहेर आली. खळही नको, वडीही नको. भारतात मात्र चिपाडाचा उपाय चालण्यासारखा नव्हता, ते आपण सोडतो कुठे? म्हणून येथे गहू-भाताच्या पेंढ्याचा कोळसा व बांधायला शेण असा बेत त्यांनी केला. एका देशातला उपाय दुसऱ्या देशात जसाच्या तसा उचलून ठेवता येत नाही, हे त्या पोरांना वर्गात कोणी शिकविले नसते.

आपल्या भागाला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. चिपाड नसले तरी आपल्याकडे पाचट आहे, आणि पाचटाचा कोळसा करण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातच झालेले आहे. डॉ. आनंद कर्वे हे महर्षी कर्वे यांचे नातू. त्यांच्या 'आरती' या संस्थेने पुणे-फलटण भागात उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची भट्टी बसविली आणि त्याबद्दल २००२ साली या संस्थेला लंडनचे ॲश्डेन पारितोषिक मिळाले. केंब्रिज आणि फलटण दोन्हीकडे जवळपास एकाच काळात ऊसवाल्याच्या कचऱ्यावर डोके चालत होते. अलीकडे दिल्लीचा विद्युत मोहन व एमआयटीत शिकलेला केव्हिन कुंग यांच्या 'टाकाचार' या कंपनीला २०२१ सालचे अर्थशॉट पारितोषिक, दहा लाख पौंडांचे, मिळाले. शेतातला काडीकचरा शेतावरच कोळशात बदलणारे, ट्रॅक्टरला जोडून नेता येईल असे त्यांचे यंत्र आहे.

आणि आपण? तोड झाली की रात्रीत पाचट पेटवून मोकळे. खोडव्याची मशागत सोपी होते म्हणून पेटवितात, हे खरे. शेतकी खात्याने कितीही सांगितले तरी काडी लागतेच. कारण पाचट कुजवायचे तर वेळ लागतो, गोळा करायचे तर मजुरी लागते. म्हणजे यंत्राला गिऱ्हाईक आपल्याच बांधावर उभे आहे.

पहिला पैसा कोण देणार, हा प्रश्न काही नवा नाही. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली उभा राहिला तेव्हा पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करीत होते, आणि अध्यक्ष होते डॉ. धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ. तेव्हा प्राध्यापकाचे आणि शेतकऱ्याचे एका टेबलाला बसणे जमले. आज स्पर्धांना तोटा नाही. विद्यापीठांचा 'आविष्कार' आहे, २०१७ पासून केंद्र सरकारचे हॅकेथॉन आहे, पवईच्या आयआयटीत २००४ पासून नव्या धंद्यांना जागा व सल्ला देणारे केंद्र आहे. बक्षीस मिळते, फोटो येतो, आणि यंत्र कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये धूळ खाते. ज्याच्यासाठी केले तो माणूस त्यात कधी आलेलाच नसतो, हे त्याचे मुख्य कारण.

त्या माणसाची जागा सभासदाने घ्यावी, असे आम्हाला वाटते. पैशाचे नंतर बघू. चालू हंगामात तोड झालेल्या फडातले दहा गुंठ्यांचे पाचट न पेटवता बाजूला ठेवायचे, पोरांना त्यावर यंत्र चालवू द्यायचे आणि चालले नाही तर तोंडावर सांगायचे, एवढे तरी कोणालाही जमेल. ज्यांची मुले-मुली अशा स्पर्धेसाठी शेतीचे काही करीत असतील त्यांनी गट कार्यालयात येऊन नाव व फडाचा गट नंबर सांगावा. भागभांडवलाचा विषय वार्षिक सभेपुढे आणायचा तर तेव्हा हातात दाखवायला निदान एक पोतं कोळसा असलेला बरा.