घोड्याच्या पोटातले ऋतू

माझी पीएच.डी. उष्णतावहनातली, नोकरी सॉफ्टवेअरमधली आणि घोड्याशी संबंध आला तो लग्नाच्या वरातीपुरता. पण या देशात मुली मोठ्या होऊ लागल्या की आयांना काय काय शिकावं लागतं! आमच्या धाकटीने घोडेस्वारीचा हट्ट धरला आणि इथे ओहायोत, गावाबाहेरच्या एका पागेतला तपकिरी रंगाचा गुबगुबीत पोनी आम्ही वर्षाच्या कराराने घेतला. त्याचं नाव बिस्किट.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री दव गोठलं होतं, पण सकाळी लख्ख ऊन पडलं. सगळा हिवाळा वाळकं गवत चघळलेला बिस्किट कुंपणापलीकडच्या हिरव्या कुरणाकडे टक लावून उभा होता. पागेच्या मालकिणीने बजावलं होतं, "वीस मिनिटं, जास्त नाही." मला त्याची दया आली. भुकेल्याला पोटभर वाढायचं, हे आपले संस्कार! मी फाटक उघडलं आणि गाडीत बसून ऑफिसचं काम करत राहिले. तीन तास गेले.

दोन दिवसांनी बिस्किट चालेना. पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार टाचांवर घेऊन उभा. खुरं गरम. व्हेटने पाहताक्षणी निदान केलं: लॅमिनायटिस. लेकीने मला एकच प्रश्न विचारला, "आई, गवत खाऊन घोडा आजारी कसा पडतो?" त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, ते तुम्हाला सांगते.

गायीचं आपल्याला ठाऊक आहे. ती आधी गवत आंबवते, रवंथ करते, मग पचवते. घोड्याचं उलट. त्याचं जठर लहान, जेमतेम दहा-पंधरा लिटरचं. अन्न तिथून आणि लहान आतड्यातून काही तासांतच पुढे सरकतं आणि उंडुकात पोचतं. आपलं उंडुक बोटभर. घोड्याचं सुमारे तीस लिटरचं पिंप! त्यापुढचं मोठं आतडं त्याहूनही मोठं. या पिंपांत अब्जावधी जिवाणू राहतात. गवतातला सेल्युलोज घोड्याला स्वतःला पचवता येत नाही. ते काम हे भाडेकरू करतात, आणि भाडं म्हणून ॲसिटिक, प्रॉपिऑनिक, ब्यूटिरिक अशी आम्लं देतात. घोड्याच्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यातून येतो.

आता गंमत अशी, की हे भाडेकरू वर्षभर तेच नसतात. २०१८ साली ब्रिटनमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुरणावर राहणाऱ्या सात घोड्यांच्या लिदीचे नमुने त्यांनी वर्षभर, दर पंधरा दिवसांनी तपासले. चारा आणि हवामान बदललं तशी जिवाणूंची वस्तीही बदलत गेलेली दिसली. हिवाळ्याच्या कोरड्या, तंतुमय चाऱ्यावर चिवट तंतू फोडणाऱ्यांची चलती. वसंतातल्या कोवळ्या गवतावर साखर झटपट खाणाऱ्यांची. हा बदल दिवसादिवसाने झाला तर काही बिघडत नाही. निसर्गातही गवत एका रात्रीत उगवत नाही. घोडा हिरवा कोंब शोधत हळूहळूच त्यावर जातो.

बिघडतं ते एकदम फाटक उघडल्यावर. थंड प्रदेशातली ब्लूग्रास, रायग्राससारखी गवतं दिवसा उन्हात साखर बनवतात आणि रात्री ती वाढीसाठी खर्च करतात. पण रात्री पारा ४० अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की वाढ थांबते. साखर शिल्लक राहते आणि फ्रुक्टन नावाच्या रूपात साठते. म्हणजे थंडीच्या रात्रीनंतरची ती सुंदर सकाळच सर्वांत धोक्याची! फ्रुक्टन लहान आतड्यात फारसं पचत नाही. ते उंडुकात पोचलं की तिथले स्ट्रेप्टोकॉकाय आणि लॅक्टोबॅसिलाय त्यावर तुटून पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मरतात, त्यांच्यातली विषं बाहेर पडतात आणि आतड्याचं अस्तर दुखावलं की रक्तात उतरतात.

याला दुसरीही एक वाट आहे. २००७ साली क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ चढं ठेवलं तर धडधाकट पोनीलाही लॅमिनायटिस होतो. कुरणावरच्या घोड्यांत बहुतेक वेळा हेच कारण मोठं असतं, आणि बिस्किटसारखे गुबगुबीत पोनी त्यात आधी सापडतात. मधुमेहाची घरं असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण दुखणं खुरात का? खुराच्या आतलं हाड बाहेरच्या कवचाला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते पापुद्रे सुजले, सैल झाले की हाड खाली सरकतं. तसं झालं तर पुष्कळदा घोड्याला वेदनेतून सोडवण्यापलीकडे काही उरत नाही.

बिस्किट वाचला. बर्फात पाय, जाड अंथरूण, पाण्यात भिजवून साखर काढून टाकलेलं वाळकं गवत, असे तीन महिने गेले. लेक रोज शाळेनंतर जायची. माझ्याशी पहिले काही दिवस बेताचंच बोलली. आता चरायला सोडायचं ते पहाटे, तेही थंडीची रात्र नसेल तर. सुरुवात पंधरा मिनिटांपासून, दोन-तीन आठवड्यांत वाढवत. शिवाय तोंडाला जाळीचं मुसकं.

आमच्या धंद्यात नवी प्रणाली आणताना जुनी लगेच बंद करत नाहीत. काही दिवस दोन्ही शेजारी शेजारी चालवतात. हे मी वीस वर्षं इतरांना शिकवत आले. त्या सकाळी मात्र माझ्या ते ध्यानातही आलं नाही. वाचकहो, तुमच्या मुलांपैकी कोणी पागेत जात असेल, तर येत्या वसंतात फाटकाला हात लावण्यापूर्वी आदल्या रात्रीचं तापमान जरूर पाहा.